बोटभर फट

हर्षलने बटण दाबलं आणि यंत्राने पत्रा गिळायला सुरुवात केली. एका तोंडाने पत्र्याचं भलंमोठं वेटोळं आत जाई. दुसऱ्या तोंडाने दुमडलेली, भोकं पाडलेली, नंबर छापलेली पट्टी शेवईसारखी बाहेर सरके आणि ठरल्या लांबीवर कच्चकन तुटे. गफ्फार मिस्त्री एकेक पट्टी उचलून नंबरवार रचत होते.

बीबी गावच्या रस्त्यावर हर्षलचा हा कारखाना निघाला, त्याआधी मिस्त्रींनी चाळीस वर्षं सुतारकी केली. त्यांनी रंधा मारलेल्या फळीवर माशी बसली, तर घसरून थेट मेहकरच्या बाजारात पडे. निदान मेहकरच्या माश्या तरी तसं सांगत. पण गुलाबी अळीने कपाशीची बोंडं पोखरली, लोकांच्या हातात पैसा राहिला नाही, तशी कवाडं करवून घेणारी माणसंच उरली नाहीत. मग मिस्त्री लोखंडी सांगाड्याच्या घरांची मापं घेऊ लागले.

आज अंबूबाईच्या दाराची चौकट कापली जात होती. तिचं मातीचं घर बसलं, जुनी चौकट वाळवीने खाल्ली, उरलं एक सागवानी कवाड. बीटी कापूस पहिल्यांदा घरात मावेनासा झाला, त्या साली तिच्या नवऱ्याने, शालिग्रामने, ते मिस्त्रींकडून करवून घेतलं होतं. वर वेलबुट्टीऐवजी कपाशीची बोंडं कोरायला लावली होती. शालिग्राम जाऊन दोन वर्षं झाली. अंबूबाईचं मागणं एकच: घर कशाचंही करा, कवाड हेच बसवा.

"चाचा, माप बराबर हाय ना? मशीन सांगाल तेच कापते. मागून रंधा नाही चालत तिच्यावर," हर्षल म्हणाला.

"अबे, त्या कवाडाले मी जन्म देल्ला."

आठवड्यात घर उभं राहिलं. नंबराला नंबर भिडला, स्क्रू फिरले, भिंती चढल्या. शेवटी कवाड बिजागरीत अडकवलं आणि बोटभर फट राहिली. वाऱ्यासरशी कवाड चौकटीवर आपटू लागलं. खट, खट.

मिस्त्रींनी फटीत बोट घालून पाहिलं. लाकडी चौकट पावसात फुगते, म्हणून बोटभर सैल धरायची, ही हाताची सवय. ते बोट त्यांनी मापात नकळत मिळवलं होतं. लोखंड कशाचं फुगतं! आणि यंत्राने बिचाऱ्याने ते बोट इमानाने कापून दिलं.

हर्षल रागावला नाही, उद्या नवी पट्टी कापू म्हणाला. मिस्त्रींना तेच जास्त लागलं. सगळे गेले तरी ते ओट्यावर बसून राहिले. कोपऱ्यात कवडी कापसाचं पोतं पडलं होतं. अळीने पिवळा केलेला, एकाही व्यापाऱ्याने हात न लावलेला. अंबूबाईने जुन्या लुगड्याची चिंधी दिली. मिस्त्रींनी तिच्यात तो कापूस भरून लांब वळकटी केली, चौकटीच्या कडेने वरपासून खालपर्यंत ठासली आणि कवाड ओढून घेतलं. आवाज गेला.

"घ्या वहिनी. आता हूं का चूं करत नाही."

अंबूबाईने बंद कवाडावर हात टेकवला.

"हे वावरातून आले का कवाड पायानं ढकलत, भाऊ. असंच वाजे."

तिने कवाड उघडलं, खालची हातभर वळकटी उकलली आणि कापूस पदरात घेतला.

"एवढी फट राहू द्या."

दिवस कलला. वावराकडून वारा आला. कवाड एकदाच, हलकं वाजलं. आत जाणाऱ्याला वाट द्यावी, तसे गफ्फार मिस्त्री ओट्यावर थोडे बाजूला सरकून बसले.