ठेंगणं दार

महांतप्पांच्या डाव्या भुवईच्या वर एक टेंगूळ होतं. ते कधी उतरलंच नाही, कारण उतरायच्या आत त्यावर दुसरं यायचं, आणि शेवटी ते तिथंच घट्ट होऊन बसलं. सास्तूरच्या घरात ते दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करत, आणि घाईत असले की चौकटीची वरची कड त्यांना बरोबर गाठायची. आतून शांतम्मा विचारायची, "लागलं?" ते म्हणायचे, "न्हाय." या दोन शब्दांवर या दोघांचा संसार चालला, असं गावात म्हणत.

घर महांतप्पांनी स्वतः बांधून घेतलेलं. शांतम्मा फार बुटकी. थोरल्या घरात तिला कोनाड्यातला दिवा काढायला पाट लागायचा आणि जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. वेगळं बिऱ्हाड करायची वेळ आली तेव्हा महांतप्पांनी गवंड्याला सांगितलं, की माप माझं घेऊ नको, हिचं घे. गवंड्यानं तिला उभी केली, चुलीशी बसल्यासारखी बसवली, हात लांब करायला लावला आणि त्या मापानं भिंती रचल्या. दार ठेंगणं, कोनाडे खाली, खुंट्या खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकूनच आत शिरावं लागे. जंगमस्वामी भिक्षेला यायचे तेही वाकून. शांतम्मानं सगळ्या गावाला नमस्कार करायला लावला, अशी थट्टा व्हायची, आणि ती ऐकून सगळ्यांत जास्त शांतम्माच हसायची.

श्रावणात ती गेली. लिंगायतांत सुतक धरत नाहीत. माणूस लिंगैक्य झालं, शिवात मिळालं, मग विटाळ कसला? माती देऊन आले, आंघोळी झाल्या, पूजा झाली आणि संध्याकाळी चूल पेटली. नीलम्माला, त्यांच्या लेकीला, हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि पटतही होतं. तरी त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिला शेजारच्या घरातलं तेरा दिवसांचं बसणं आठवलं. त्यांना निदान बसायला दिवस मिळतात, असं वाटून गेलं. आठवडा सरायच्या आत ती सासरी आळंदला परतली आणि कामाला लागली. तिथं थोरल्या घरासारखेच कोनाडे उंच होते. उंचीनं ती आईवर गेली होती, आणि सासूबाई दर दोन दिवसांनी म्हणायच्या, "पाट घे गं, पडशील."

त्याच पावसाळ्याच्या शेवटी सास्तूरच्या घराची स्वयंपाकघराकडची भिंत बसली. भीमाशंकर, नीलम्माचा धाकटा भाऊ, उमरग्यात दुकान चालवायचा. तो वडलांना आपल्याकडे घेऊन आला. घराला कुलूप लागलं.

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादच्या सडकेला लागून, निजाम सरकारनं एक गाव उभं केलं होतं. त्यात माणसं तेवढी नव्हती. जिल्ह्यातली जुनी घरं उतरवायची, दगड-लाकूड गाड्यांवर घालून आणायचं आणि माळावर पुन्हा रचायचं, म्हणजे पुढच्या लोकांना बघायला मिळेल, अशी जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांची, म्हणजे कलेक्टरांची, हौस. युद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, कापडाला रांगा लागत होत्या, पण ही हौस मात्र चालू राहिली. कचेरीत त्याला लांबलचक उर्दू नाव होतं. लोक म्हणत नुमायशीचं, म्हणजे प्रदर्शनाचं, गाव. देखरेखीला आण्णासाहेब होते, कचेरीतून पेन्शन घेतलेले सालस गृहस्थ. घरं शोधत फिरताना त्यांनी शांतम्माच्या हयातीत एकदा ते घर पाहिलं होतं. आता ते त्यांना नुमायशीत हवं होतं, आणि पावसाआधी उतरवायचं तर जबाब लवकर पाहिजे होता.

भीमाशंकरला वाटे, मातीत जाण्यापेक्षा दिलेलं बरं. नीलम्मा आळंदहून मोटारीनं आली ती नको म्हणायला. तिच्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. कुलूप लावलेलं घर पुढच्या पावसाळ्यात आणखी बसणार, हे तिलाही कळत होतं. पण तिथं पडलं तर ते अव्वाचं, तिच्या आईचं, घर म्हणून पडेल. इथं आणून उभं केलं तर ते कुणाचं असेल? महांतप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की आधी ते लोक घरं कशी ठेवतात ते बघू, मग त्यांना जबाब देऊ.

म्हणून मोठी शिवरात्र झाल्यावर एके सकाळी भीमाशंकरच्या बैलगाडीत सगळे निघाले. महांतप्पा, दोघं लेकरं आणि महांतप्पांची बहीण रुद्रम्मा, म्हणजे आत्या. आत्यानं जत्रेला निघाल्यासारखे धपाटे बांधून घेतले होते, वर दह्याचं गाडगं. गाडीभर ते गाडगं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

माळावर चार-पाच घरं होती. येरमाळ्याकडचं एका कुणब्याचं माळवदाचं घर, एक कोष्ट्याचं, धनगराचं खोपट, तेल्याचा घाणा. आणि कडेला एक नुसतंच दगडी जोतं, नव्या घरासाठी तयार करून ठेवलेलं. ते कोणासाठी आहे हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी एकेकदा तिकडं पाहिलं.

येरमाळ्याच्या घरापाशी आत्या उंबऱ्याबाहेर थांबली आणि तिनं हाक दिली, "हाय का कोण घरात?"

"आत्या, इथं कोणी राहत न्हाय," भीमाशंकर म्हणाला.

"मग असं घर उघडं टाकून गेले कुठं?"

तिनं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेला आणि आत जाऊन ऐसपैस बसली. मागून येणेगूरकडच्या काही बाया आल्या होत्या. त्या आतापर्यंत चपला घालूनच हिंडत होत्या. आत्याला पाहून त्यांनीही चपला काढल्या, एकीनं कडेवरचं पोर थंड सारवणावर निजवलं, आणि बघता बघता त्या ओसरीत चार बाया बसल्यावर होतो तसा आवाज सुरू झाला. पाणी कोणी विचारलं नाही म्हणून आत्या थोडी नाराज झाली, मग जात्याकडं वळली. चपराशी धावत आला आणि म्हणाला, की हात लावायला मनाई आहे.

"हात लावायचा न्हाय तर जातं मांडलं कशाला? तुझी आई काय नजरेनं दळती व्हय?"

बाया हसल्या, चपराशीही हसला, आणि आत्यानं जात्याला रिकामेच दोन फेरे दिले.

महांतप्पा सगळ्यांच्या मागून आले. दारात ते सवयीनं वाकले, आत गेले आणि थबकले. मागं फिरून त्यांनी हात वर केला. चौकटीची कड डोक्याच्या कितीतरी वर होती. मग ते खाली पाहू लागले. चौकटीच्या दोन्ही उभ्या लाकडांना खालून हातभर जोड दिलेला होता. जुनं लाकूड काळंभोर, जोड पिवळट. त्यांनी जोडावरून बोट फिरवलं आणि ते बाजूला झाले.

नीलम्मा तोवर स्वयंपाकघरात गेली होती. चूल सुरेख होती, वैलासकट. ती चुलीपुढं उकिडवी बसली, आणि सहज, काही मनात नसताना, तिनं कोनाड्याकडं हात केला. हात पोचला नाही. उभी राहिली, तरी टाचा उचलाव्या लागल्या. या चुलीपाशी जिनं आयुष्य काढलं त्या बाईनं मीठ ठेवलं कुठं असेल? ती बराच वेळ त्या उंच कोनाड्याकडं पाहत राहिली. आत चपराशानं आपली विडी-काडी ठेवली होती.

आण्णासाहेबांनी हौसेनं सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदा घरं होती तशीच रचली होती. पण उद्घाटनाच्या दिवशी एका बड्या पाहुण्यांची रुमी टोपी चौकटीला लागून ओल्या सारवणात पडली, आणि तेव्हापासून ठरलं, की दारं हातभर वर घ्यायची. कोनाडेही मग उभ्या माणसाला दिसतील असे वर बसवले. आता कोणालाही त्रास होत नाही. सांगताना त्यांना मनापासून समाधान वाटत होतं.

फिरत फिरत सगळे रिकाम्या जोत्यावर आले. बब्रुवान गवंडी तिथं सावलीला बसला होता, तो उठून उभा राहिला. महांतप्पा जोत्यावर बसले. आण्णासाहेबांनी विचारण्याआधीच ते लेकीकडं वळले.

"नीलव्वा, तू बोल. घर तिचं होतं. तिच्यामागं तुझं."

नीलम्मानं सकाळपासून नकार जुळवून ठेवला होता. तो बाहेर येईना. डोळ्यांपुढून त्या चपला काढलेल्या बाया हलत नव्हत्या, आणि सारवणावर निजलेलं ते पोर.

"घर द्या, अप्पा," ती म्हणाली. "पण दार वर घ्यायचं न्हाय. काहीच वर घ्यायचं न्हाय."

भीमाशंकर अवघडून खाली बघू लागला. सरकारी कामात अट घालायची असते, हे त्याच्या गावी नव्हतं. आण्णासाहेबांनी समजावून पाहिलं, की मोठमोठी माणसं येतात, त्यांची डोकी आपटतील. महांतप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि कपाळ पुढं केलं.

"आपटतं की. हे बघा. मग माणूस बघून चालतं."

आण्णासाहेब त्या टेंगळाकडं बघत राहिले. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडं गेला.

"मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा माझंही आपटलं होतं," ते म्हणाले. "चांगलंच. बाई आत ताक घुसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'लागलं?'"

 मग महांतप्पांनी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाय म्हणालो."

आत्याला हसू फुटलं, मग भीमाशंकरला, आणि शेवटी महांतप्पा हसले. श्रावणानंतर ते हसताना नीलम्मा पहिल्यांदाच पाहत होती. आण्णासाहेब म्हणाले, की तालुकदारसाहेबांना ते स्वतः सांगतील. हे घर असंच होतं, म्हणून ते असंच राहील. टोपीवाल्यांनी टोप्या हातात घ्याव्यात.

अडचण निघाली ती बब्रुवानची. चौकट शाबूत आहे, ती तशीच बसवीन, तो म्हणाला. पण स्वयंपाकघराची भिंत तर बसली. कोनाडे कुठं होते, खुंट्या कुठं होत्या, हे कुठून आणू? भीमाशंकर म्हणाला, असेल कमरेएवढं. आत्या म्हणाली, कमरेएवढं कोणाच्या? महांतप्पांनी आठवून पाहिलं. जन्मभर तिथं जेवले, पण कोनाड्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मागायच्या आधी मीठ ताटात पडलेलं असे.

नीलम्मा जोत्याच्या आतल्या बाजूला गेली. चूल कुठं येणार ते तिनं बब्रुवानला विचारून घेतलं आणि तिथं बसली, अव्वा बसायची तशी, डावा गुडघा वर घेऊन. मग डोळे मिटून तिनं उजवा हात मिठाकडं नेला. हात आपोआप गेला आणि हवेत एके जागी थांबला.

बब्रुवाननं तिथं बांबू उभा धरला आणि हाताच्या उंचीवर विळ्यानं खाच पाडली. मग तिला उभी केली. दिव्याचा कोनाडा, शिंक्याची कडी, परकर-चोळीची खुंटी. ती हात करत गेली, तो खाचा पाडत गेला. आळंदच्या घरात ज्या उंचीपायी तिनं बोलणी खाल्ली, ती उंची बांबूवर एकेक खूण होऊन उतरत होती.

"दाराचंही घे," महांतप्पा म्हणाले.

"चौकट हाय की, काका."

"हाय. तरी घे."

ते उठून लेकीजवळ आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. बब्रुवाननं हाताच्या चार बोटं वर खाच केली.

"झालं, काका."

"थांब जरा," महांतप्पा म्हणाले.

बब्रुवान थांबला. भीमाशंकर सडकेकडं तोंड करून उभा राहिला. नीलम्मा हलली नाही. डोक्यावरचा हात जड होता. तिचे डोळे भरून वाहू लागले, ते तिनं पुसले नाहीत. तिथं तिला कसलीच घाई नव्हती.

मग आत्या म्हणाली, की दही आंबट होतंय.

खुणा विसरायला नकोत म्हणून बब्रुवाननं दाराच्या जागी दोन बांबू रोवून वर आडवी काठी बांधली. भोवती भिंत नव्हती, कुठूनही जोत्यावर चढता आलं असतं. आत्यानं धपाटे सोडले आणि आण्णासाहेबांना हाक मारली. ते नको नको म्हणत आले, त्या काठीपाशी थांबले, टोपी हातात घेतली आणि वाकून आत शिरले. त्यांच्यामागून भीमाशंकर वाकून आला. बब्रुवानही आला, आपणच बांधलेल्या काठीला बिचकत.

नीलम्मा विहिरीवर तोंड धुऊन, कमरेवर घागर घेऊन शेवटी आली. तिला वाकावं लागलं नाही. महांतप्पा बसल्या जागेवरून बघत होते. त्यांनी थोडं सरकून शेजारी जागा केली, आणि आत्यानं तिच्यापुढं धपाटा ठेवून वर दही घातलं.