नोबान्तूचं हक्काचं वर्ष

मी एक जुनी कुबडी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतात, एका टेकडीवरच्या गावात नोबान्तूच्या वडिलांनी मला जंगली ऑलिव्हच्या लाकडातून कोरलं. लेकीची काख सोलू नये म्हणून वर मेंढीचं कातडं बांधलं.

मित्रांनो, नोबान्तू शाळेच्या फाटकाशी पिठाचे गोळे तळून विकायची. मझुकिसी गवंड्याने तिच्या घराची भिंत बांधली आणि सिमेंटच्या जागी वाळूच जास्त घातली. भिंत तिच्यावर कोसळली. एक पाय गुडघ्यापासून गेला. मझुकिसी त्याच आठवड्यात सीमेपलीकडे बोट्स्वानात पळाला.

मला टेकत ती कोर्टात गेली. खिडकीतला कारकून म्हणाला, "माणूसच देशात नाही, तर समन्स काय वाऱ्याच्या हातात देऊ? तो आला की ये, सिसी." आमच्याकडे ताईला सिसी म्हणतात.

ती थांबली. त्या वर्षांत मी तिच्याबरोबर पाणवठ्यावर गेले, चर्चला गेले, तिच्या वडिलांच्या मातीलाही गेले. "ही माझी थोरली बहीण," असं ती लोकांना सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

चार वर्षांनी नाताळला मझुकिसी परतला. त्याने बैल कापून गावजेवण घातलं. नोबान्तू कोर्ट उघडताच तिथे पोचली.

"दावा तीन वर्षांत लावायचा असतो. तुझी मुदत संपली," तोच कारकून म्हणाला.

"पण थांब असं तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो असेन. कायदा थोडाच म्हणाला?"

पुढे मझुकिसी वाटेत भेटला. "कोर्टानेच सांगितलं ना, सिसी? मग आता मन मोठं कर."

तिचा सगळा भार माझ्यावर आला.

आणखी दोन नाताळ गेले. मग फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई चर्चमध्ये आली. तिने सगळं ऐकून घेतलं. "तो देशाबाहेर होता, तोवर तुमची मुदत संपतच नव्हती. परतल्यावर तुम्हाला आणखी एक वर्ष होतं. कधी परतला तो?"

नोबान्तूने सांगितलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग तेही वर्ष गेलं, माई. तुम्ही दुसऱ्यांदा खिडकीशी गेलात ना, तेव्हा तुमचा दावा जिवंत होता."

नोबान्तू हसली. ती रडली असती, तर मला सोसलं असतं.

आता तिच्याकडे दवाखान्यातली हलकी कुबडी आहे. मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवून धरते. मित्रांनो, मला वाळवी लागली तरी चालेल. पण एका खिडकीवर "संपलं" ऐकून तुम्ही घरी परतू नका, दुसरं दार ठोठावा. त्या दिवशी नोबान्तू दुसऱ्या दाराकडे निघाली असती, तर मी कितीही चालले असते.