दुसऱ्या मजल्यावरचा दाखला

मी काठी बोलतेय. म्हातारपणाची नव्हे हं! माझी मालकीण अवघी चौतिशीची.

ती टपाल वाटायची. मग पाय जड पडू लागले, एका डोळ्याला धूसर दिसू लागलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचीच फौज फितूर होते आणि नसांवरचं आवरण कुरतडते.

तिच्या नणंदेनं मला दुकानातून आणलं. मला पाहताच मालकीण कडाडली, "ही अवदसा दाराआड ठेवा!" सहा महिने मी झाडूशेजारी धूळ खाल्ली. एका सकाळी तिचा तोल गेला, आधाराला हात टाकला तो नेमका माझ्यावर. तेव्हापासून आम्ही दोघी बरोबर.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं फुकट मिळत, पण त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा. दाखल्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही! पहिल्या खेपेला आम्ही धापा टाकत चढलो. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "जिना चढून आलात की! मग कसलं अपंगत्व?" अर्ज परत.

दुसऱ्या खेपेला पाय जागचे हलेनात. वरून निरोप आला, "हजर नसाल तर अर्ज रद्द."

"वहिनी, उचलून नेऊ का?" नणंदेनं विचारलं.

"नको. चढले तर धडधाकट, नाही चढले तर गैरहजर! आता त्यांनाच उतरू दे." ती पहिल्याच पायरीवर बसली.

शिपाई खेकसला, "बाई, रस्ता सोडा." तिनं मला फरशीवर खाड्‌कन आपटलं. शेजारी एक गवंडी येऊन टेकला, त्यालाही हाच आजार. दुपारपर्यंत पायरीवर सात जण झाले.

शेवटी दाखल्यावर सही करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. "इथं बसायला कोणी सांगितलं?"

"तुमच्या जिन्यानं," मालकीण म्हणाली.

 बाईंनी तिथंच बाकावर सातही जणांचे कागद वाचले, एकेकाला तपासलं. आठवड्यात दाखला हातात आला. आता दर मंगळवारी तळमजल्यावर टेबल लागतं. कारकून कुरकुरतो, पण उतरतो.

हल्ली वाईट दिवशी ती चाकाची खुर्ची घेते आणि मी घरी राहते. उद्या कदाचित कायमचीच राहीन. राहीना का! पण मला पाहून "अरेरे" म्हणू नका. तुमची हळहळ पायऱ्या कमी करत नाही.

लिफ्टसाठी अर्ज दिलाय. महिना झाला, उत्तर नाही. माझ्या तळाचं झिजलेलं रबर तिनं कालच बदललं. सोमवारी आम्ही त्याच पायरीवर बसायला निघतोय.