कुणावर गेलंय

त्या नाकात प्रमिलाबाई खराड्यांचा फायदा होता, म्हणून बारशाच्या दिवशी बाळाचं नाक आजोबांवर गेलं.

फायदा साधासुधा नव्हता. त्यांच्या सुनेला, हेमांगीला, लग्नानंतर बरीच वर्षं दिवस राहिले नव्हते. मग कोल्हापूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, पोटात टोचून घ्यायची इंजेक्शनं झाली, महिन्याच्या महिन्याला न्हाणीत कडी लावून रडणं झालं. शेवटी दिवस राहिले, तर मिरजेच्या गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, "दवाखान्यात कुणाचं काय कुणात मिसळतात, कुणी बघितलंय?" प्रमिलाबाईंच्या तोंडावर कुणी बोललं नाही. त्या दुकानात शिरल्या की बोलणं थांबायचं, एवढंच. आणि थांबलेलं बोलणं त्यांना जास्त ऐकू यायचं. बाळाच्या चेहऱ्यावर घरातलं एखादं चिन्ह सापडलं असतं, तर गल्लीला चघळायला काही उरलं नसतं. म्हणून बारशाला हेमांगीच्या माहेरी, गडहिंग्लजला येताना त्यांनी टेम्पोत नात्यातल्या बायका थोड्या आणि गल्लीतल्या जास्त भरल्या.

चहा व्हायच्या आधीच त्यांनी बाळाची कुंची मागं सारली, सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "नाक बघा! सरळ आमच्या ह्यांच्यावर गेलंय." आणि नाक गेलं.

खुर्चीत पेढा खात बसलेल्या बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर ते बसलं. गुलाबी, शेंगदाण्याएवढं. त्यांचं स्वतःचं बाकदार खराडी नाक कुठं गेलं, ते कुणी विचारलं नाही. बापूसाहेब बारीक आवाजात शिंकले. बायका हसल्या.

"आत्याबाई," हेमांगी सासूला म्हणाली, "बाळाचं नाक गेलं."

"गेलंच की! बघ तरी, कसं शोभतंय त्यांना."

बाळाच्या डोळ्यांखाली आता पुसलेल्या पाटीसारखी गुळगुळीत कातडी होती. श्वास मात्र चालला होता. तिकडं बापूसाहेबांनी सुस्कारा टाकला, की इकडं बाळाची छाती खाली बसायची. हेमांगीनं ते दोन-तीनदा ताडून बघितलं. मग तिनं बाळाला उचलायला हात पुढं केला, पण टाके ओढले गेले, आणि तेवढ्यात नणंदेनं, सुजातावन्संनी, बाळ उचलून घेतलं.

वन्संना काही हवंच होतं. वडिलांना नाक मिळालं आणि आत्या असून आपण मोकळ्या हातानं परत जायचं? "कान माझ्यावर गेलेत," त्या म्हणाल्या. कान त्यांच्यावर गेले. कानातले झुबे खाली पडले, कारण तेवढ्याशा पाळ्यांना त्यांचं वजन पेलेना. पण यातून एक घोळ झाला. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान वन्संचाच होता. पाठीवर बायकांचे धपाटे बसत होते, "कुर्रर्र" म्हणून झालं होतं, आणि आता सांगायचं कुठं?

"सांग की स्वतःलाच!" मागून कुणीतरी ओरडलं.

"स्वतःच्या कानाशी तोंड कसं न्यायचं गं भवाने?"

एवढा हशा पिकला की नाव राहूनच गेलं. कुणाला त्याची चुटपुट लागली नाही.

नवऱ्याचं म्हणाल, तर हर्षवर्धनरावांनी लाजत का होईना, जावळ घेतलं. "केस माझ्यावरच असणार," ते हळूच म्हणाले, आणि टकलावर मऊ काळी लव उगवली. ते कपाटाच्या आरशापुढं बराच वेळ उभे राहिले. आरशातून हेमांगी त्यांच्याकडं बघत होती, ते त्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनी भांग पाडायला घेतला.

डोळ्यांचं मात्र वाईट झालं. बापूसाहेबांनी हातातला पेढा खाली ठेवला आणि ते म्हणाले, "डोळे आमच्या आक्कावर गेलेत." आक्का म्हणजे त्यांची बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पाळण्यात डोळ्यांच्या जागी दोन हलके खळगे राहिले. जरा वेळानं मिरजेहून जिच्याकडं घराची किल्ली ठेवली होती त्या शेजारणीचा फोन आला. झाडांना पाणी घालायला गेले होते, म्हणाली, तुमच्या दिवाणखान्यातला आक्कांचा फोटो डोळे मिचकावतोय, काय करू? प्रमिलाबाईंनी फोन स्पीकरवर लावून सगळ्या बायकांना ऐकवला. मेलेलं माणूससुद्धा साक्षीला उभं राहिलं होतं. याहून जास्त त्यांना काही नको होतं. पण एकदा हात बसला की माणूस थांबत नाही.

हेमांगीच्या लक्षात आलं, आता एक तोंड तेवढं उरलंय.

त्या तोंडासाठी तिनं काय काय केलं होतं, ते तिलाच ठाऊक. पहिले दिवस दूधच उतरलं नव्हतं. आईनं अळीवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, शेवग्याचा पाला आणला. येईल ती बाई "उतरलं का?" विचारून तिच्या छातीकडं बघायची, नळाला पाणी आलं का बघावं तशी. चिरा पडून रक्त आलं तरी ती बाळाला लावत राहिली. आणि एका सकाळी पान्हा फुटला. बाळानं ओठ पसरून धरलं, घटाघट प्यायलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारलं नाही.

तिनं बाळ उचललं. टाक्यांचा विचार केला नाही. "पाजायची वेळ झालीय," म्हणाली आणि बाळंतिणीच्या खोलीत जाऊन तिनं बाळाला अंगावर घेतलं, वरून पदर ओढला. तोंड छातीला असेपर्यंत कुणाला दिसणार नव्हतं. दिसलं नाही तर कुणी ते कुणावर घालू शकणार नव्हतं. हिशेब सरळ होता. दूध संपेपर्यंत बाळ तिचं होतं.

दारात बायका जमल्या. खोली लहान होती, आणि त्या उभ्या होत्या तिथूनच ती आणखी लहान होत गेली. आधी भिंत पलंगाला टेकली, मग कपाट हेमांगीच्या गुडघ्यांना.

"झालं का पाजून?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"एवढं दूध आहे तरी का तुला?"

"आहे."

तिनं बाजू बदलली. बदलताना बाळाच्या तोंडावर तळहात धरला. बायका पुढं वाकल्या.

"लपवतीस काय गं? तोंड बघू दे की एकदा. कुणावर गेलंय, ते कळू दे."

दुसरी बाजूही हलकी होत चालली होती. बाळ आता रिकामं चोखत होतं. हेमांगीनं मान वर केली आणि म्हणाली, "कुणावर गेलेलं नाही. ते त्याचं त्याचंच आहे."

बाहेर घुगऱ्या वाटायचं थांबलं. बापूसाहेबांनी श्वास रोखला, तशी बाळाची छातीही थांबली.

"कुणावरच नाही?" प्रमिलाबाई एकेक शब्द वेगळा काढत म्हणाल्या. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "म्हणजे लोक म्हणत होते, ते..."

"हेमा," दारातून हर्षवर्धनराव म्हणाले. त्यांचे नवे केस घामानं कपाळाला चिकटले होते. "जरा विचार करून बोल."

"विचार करूनच बोलतेय. ते कुणाचंही नाही."

"ऐकलंत?" प्रमिलाबाई बायकांकडं वळल्या. त्यांचा आवाज चिरकला. "ऐकलंत सगळ्यांनी? कुणाचंही नाही म्हणते!"

तेव्हा बायकांना ढकलत हेमांगीची आई आत आली. हातात खिरीची वाटी होती. तिला नाक नको होतं, कान नको होते. सकाळपासून तिनं व्याह्यांच्या माणसांच्या पाया पडण्यापलीकडं काही केलं नव्हतं. आपल्या लेकीकडं इतक्या बायका तशा नजरेनं बघतायत, हे मात्र तिला सोसलं नाही.

"अहो विहीणबाई, पोरीचं काय मनावर घेता! ओली बाळंतीण ती, झोप नाही डोळ्याला," ती घाईघाईनं म्हणाली. "कुणाचं नाही असं कुठं असतं का? तोंड तर अगदी आमच्या हेमावर गेलंय."

"आई, नको," असं हेमांगीला म्हणायचं होतं. पण छातीवरची ओढ थांबली होती, आणि तिच्या स्वतःच्या जबड्यात दात राहिले नव्हते. मऊ हिरड्या होत्या, आणि एक इवलीशी जीभ, जिला एकच काम येत होतं. ती ओरडली तेव्हा आवाज आला, "ट्यँहँ."

"रडलं!" बाहेर कुणीतरी म्हणालं. "आवाज कसा खणखणीत आहे!"

"जिवणी आईवर, म्हणजे मोठं नशीब काढणार," प्रमिलाबाई मोकळ्या झाल्या. बापूसाहेबांनी श्वास सोडला. घुगऱ्या पुन्हा वाटायला लागल्या.

सगळ्यांचं सगळं झालं होतं. बापूसाहेबांना नाक, वन्संना कान, हर्षवर्धनरावांना केस, मेलेल्या आक्कालाही डोळे. प्रमिलाबाईंना गल्ली गप्प झालेली मिळाली आणि हेमांगीच्या आईला लेकीची अब्रू. ज्याचं होतं, त्या मांडीवरच्या बाळाच्या चेहऱ्यावर आता काही नव्हतं. ज्या तोंडानं ते परत मागायचं, ते आता हेमांगीला होतं, आणि त्याला रडण्यापलीकडं काही येत नव्हतं.

ते रडणं ऐकून पान्हा मात्र पुन्हा फुटला. रडतंय कोण, हे छातीला काय कळणार? दूध बाळाच्या कोऱ्या चेहऱ्यावरून ओघळून कुंचीत मुरायला लागलं. त्या वासानं हेमांगीचे इवलेसे ओठ उघडले आणि चुटुचुटु हलायला लागले. तिनं मान वाकवली, आणखी वाकवली. ओठ पोचेनात. तेव्हा बाळाचा हात चाचपडत वर आला. त्यानं तिच्या हनुवटीवरून जाऊन स्वतःचे ओठ शोधले, मुठीत धरले, आणि पोटातल्या सगळ्या भुकेनं ते खाली, दुधाकडं ओढायला लागलं.