कौतुकाचे आठ दिवस

सदलग्याच्या कुमार पाटलाच्या तोंडून बायकोबद्दल चांगला शब्द निघावा, ही गोष्टच अशक्यातली. संसाराला चौदा वर्षं झाली, पण आमटीला कधी "बरी हाय" एवढंसुद्धा म्हणाला नव्हता गडी. वाईटही बोलायचा नाही म्हणा. ताट पुढ्यात आलं की जेवायचं आणि हात धुवायचा. बायकोचं कौतुक केलं की ती डोक्यावर बसते, अशी त्याची पक्की समजूत.

यंदा जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात त्रिशलानं तीन उपवास धरले. दिवसातून एकदा उकळून निववलेलं पाणी, बाकी काही नाही. पहिल्याच दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर चारचौघांनी विचारपूस केली, तेव्हा कुमार सहज बोलून गेला, "आमची त्रिशला लई खमकी हाय. मनात आणलं तर धाच्या धा करंल."

बायकांच्या रांगेतून त्रिशलानं मान वळवून बघितलं. तिचा चेहरा असा उजळला की कुमारलाच अवघडल्यासारखं झालं. घरी येताच तिनं सांगून टाकलं, आता दहा उपवास.

मग काय विचारता! जो येईल तो तिच्या पाया पडू लागला. कुमारच्या जिभेलाही नवी चव लागली. रोज तो काहीतरी बोलायचा आणि रोज ती कण्हत का होईना, उठून बसायची. सहाव्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यानं फुशारकी मारली, "पाणीसुद्धा नावालाच घेतीया." हे काही खरं नव्हतं. पण त्रिशलानं आतून ऐकलं आणि त्या दिवसापासून पाणीही सोडलं. नवरा खोटा पडायला नको ना, म्हणून.

कुमारला याचा पत्ता लागला आठव्या दिवशी सकाळी. त्रिशला माजघरात भिंतीला धरून उभी राहिली आणि तिथंच बसली, ती उठेचना. तिच्या पाण्याचा तांब्या त्यानं उघडून बघितला. काठोकाठ भरलेला, झाकणावर धूळ धरलेली.

बस्तीचे पुजारी उपाध्ये धावत आले. "वहिनी, पारणं करा. झेपंना झालं की थांबावं, त्यात दोष न्हाय." डॉक्टर आले. सलाईन लावायला त्यांना शीर सापडेना. दोन्ही हात टोचून झाले. ते कुमारला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चिकोडीहून दवाखान्याची गाडी निघालीय. तोवर घोटघोट पाणी पोटात जायलाच पाहिजे. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

कुमार चमच्यात पाणी घेऊन बसला. त्रिशलानं ओठ घट्ट मिटले.

"बास झालं गं," तो कळवळून म्हणाला. "तुला न्हाय झेपायचं."

आणि झालं! नको तेच बोलून बसला शहाणा.

"व्हय," ती म्हणाली. "तुमास्नी तसंच वाटणार." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

कुमारला तेव्हा उमगलं. आठ दिवस ही बाई आपल्या शब्दांवर जगली होती आणि तेच शब्द तिला इथवर घेऊन आले होते. आता परत आणायलाही तेच हवे होते. तो अगदी जवळ सरकला.

"माझ्या आप्पांचं आजारपण तू एकटीनं काढलंस. मी बघत हुतो."

तिचं तोंड वळलं. ओठ किंचित उघडले. त्यानं चमचा रिकामा केला, तिनं घोट गिळला.

"खरंच बघत हुतासा?"

"व्हय. आनि पोरीचा अभ्यास तूच घेतलास. मला कायबी येत नव्हतं."

आणखी एक चमचा. डॉक्टरांनी मान हलवली, चालू ठेवा.

"आनि सांगा," ती पुटपुटली.

"माझा शब्द तू कधी खाली पडू दिला न्हाईस." बोलताना त्याला तो भरलेला तांब्या आठवला. तिसरा चमचा गेला.

"आनि?"

त्यानं चौथा चमचा भरला. आणि काय? तिला काय आवडतं, ती एकटी असताना काय करते, तिच्या हातचं काय चांगलं होतं, त्यानं आठव आठव आठवलं. चौदा वर्षं ही बाई त्याच्या डोळ्यांपुढं वावरली आणि त्याच्यापाशी सांगायला तीनच गोष्टी निघाल्या. खोटं बोलावं, तर तेही सुचेना.

"सांगा की," ती म्हणाली. डोळे मिटत चालले होते.

"त्रिशला," तो म्हणाला. "तू... तू लई..."

ती वाट बघत होती. मग तिचे ओठ सावकाश मिटले.