खोटी हाळी

बाबांना अख्खी इमारत ‘फुगेवाले’ म्हणते. आई ऐकून न ऐकल्यासारखं करते, माझं मात्र डोकं फिरतं. जन्मभर बस चालवलेला माणूस आता हवामानाच्या फुग्यांचे फोटो काढत गच्चीवर मान वर करून उभा राहतो, यात हसण्यासारखं काय आहे? बरं, आहे थोडंसं. पण ते मी म्हणायचं, शेजाऱ्यांनी नाही.

पलीकडच्या वेधशाळेतून रोज सकाळी पांढरा फुगा सुटतो. वर जाईल तसा मोठा होत जातो आणि शेवटी फाटतो. तो फाटतानाचा फोटो बाबांना हवाय, आजवर साधलेला नाही. त्यांच्यासारखे आणखी काही खुळे आहेत आणि सगळ्यांचा नियम एकच, कॅमेऱ्यातून नजर काढायची नाही. एवढ्या आभाळात तो ठिपका एकदा सुटला की पुन्हा सापडत नाही. कधीकधी दुसराही फुगा सुटतो, तो ज्याला दिसेल त्याने बाकीच्यांना ओरडून सांगायचं, त्याला ते हाळी म्हणतात. खोटी हाळी देणाऱ्याला माफी नाही. जिवलग मित्राने एकदा गंमत म्हणून दिली, तर बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

परवा सकाळी मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले आणि दारातच थबकले. मागच्या बाजूचा कठडा दुरुस्तीसाठी पाडलाय. बाबा तिकडे पाठ करून उभे होते, डोळा कॅमेऱ्याला. फुगा डोक्यावर येत चालला होता आणि त्याला धरून ठेवायला बाबा मागे मागे सरकत होते.

धावावं, तर मध्ये अख्खी गच्ची. हाक मारावी, तर हाक मारल्यावर ते काय करतात हे मला पाठ आहे. ‘थांब गं’ म्हणून हात झटकायचा आणि आणखी मागे व्हायचं. मी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, दिवसभर लोकांना ‘घाबरू नका’ म्हणत असते. आता माझेच दात वाजायला लागले.

बाबांची टाच कडेला आली. गिलाव्याचा एक ढलपा सुटून खाली गेला.

“हाळी!” मी किंचाळले. “बाबा, दुसरा! माझ्या डोक्यावर, जिन्याकडे!”

बाबा वर बघत बघत माझ्याकडे धावत सुटले. मी बादली टाकली आणि त्यांना घट्ट धरलं.

“कुठाय? अगं, कुठाय?”

“कुठेच नाहीये! अहो, टाच बाहेर गेली होती तुमची! जीव गेला असता!” मी रडत होते, ओरडत होते, दोन्ही एकदम.

“खोटी हाळी दिलीस?” बाबा लालबुंद झाले. “तूसुद्धा? आणि मी काय आंधळा आहे? कठडा पाडलाय, ठाऊक आहे मला. एक डोळा उघडाच ठेवतो मी. डाव्या हाताला विटांची रास आली की थांबायचं, असं ठरवलं होतं. ती अजून आलीच नव्हती.”

मी राशीकडे पाहिलं. चांगली कमरेएवढी, आणि कडेच्या बरीच अलीकडे. बाबा तिच्या शेजारून कधीच मागे गेले होते.

मी त्यांना दंडाला धरून तिथे नेलं आणि रास डाव्या हाताला येईल असं अगदी जवळ उभं केलं.

“समोर बघा, बाबा. मान वळवू नका. डावीकडे काय दिसतंय?”

“काय दिसणार? गच्ची.”

मी त्यांचा डावा हात उचलून विटांवर ठेवला.

ते बराच वेळ विटा चाचपत राहिले. राग कुठल्या कुठे गेला.

“उजवीकडचं दिसेनासं झालंय, हे ठाऊक होतं गं,” ते हळूच म्हणाले. “बस त्या बाजूने घासायला लागली म्हणूनच नोकरी सोडली. गुडघ्यांचं नुसतं निमित्त. पण डावं शाबूत आहे, असं वाटत होतं मला.”

मग त्यांनी मला धरायला हात पुढे केला आणि समोरच्या हवेत शोधत राहिले. मी त्यांच्या डाव्या खांद्याशीच उभी होते.