सतरा-अठराचा बेंजो

मित्रांनो, माझ्या अंगावर टाइपरायटरसारखी बटणं आहेत, म्हणून कुणी मला अर्ज लिहायला बसवू नका. मी एक जुना बेंजो आहे. लालबाग-परळच्या मिरवणुकीत हातगाडीवर बसून जो वाजतो आणि भल्याभल्यांचे पाय जागेवर राहू देत नाही, तोच मी. मोठ्या मैफलीतली वाद्यं मला आपल्या पंगतीला बसवत नाहीत. न बसवोत बापडी! त्यांच्यासमोर माणसं माना डोलावतात, माझ्यासमोर नाचतात. मला माझीच माणसं आवडतात.

माझा जन्म लालबागचा. राजाराम मिस्त्रींनी मला घडवलं. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जाऊन त्यांनी जुन्या दाराचं सागवान निवडलं. प्रत्येक तुकडा कानाशी धरून ते टिचकी मारत. शेवटी वखारवाला वैतागून म्हणाला होता, "मिस्त्री, लाकूड घेताय की कलिंगड?" मिस्त्रींनी पाच तुकडे बाजूला सारून सहावा घेतला. तो सहावा तुकडा म्हणजे मी. त्यांनी मला तासलं, घासलं, तारा चढवल्या, बटणं बसवली आणि डिलाईल रोडच्या एका चाळीत, सतरा नंबरच्या खोलीत राहणाऱ्या राजेशच्या हाती दिलं.

राजेश तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याने चार दोस्त जमवून बेंजो पार्टी काढली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी पहिल्यांदा वाजलो आणि त्या दिवशी मला कळलं, की आपल्याला बरंच काही येतं. मग हळदी झाल्या, गणपती झाले, नवसाच्या पूजा झाल्या. लोक राजेशच्या खिशात नोटा कोंबत आणि माझ्या अंगावर गुलाल टाकत. गुलाल बटणांच्या फटीत जाई. दुसऱ्या दिवशी राजेश दात घासायच्या जुन्या ब्रशने मला साफ करी आणि सोबत गुणगुणत राही. तेवढं सुख मला पुरत असे.

पुढे मोठमोठे डीजे आले. त्यांच्या भिंतीएवढ्या आवाजापुढे माझं कोण ऐकणार? पार्टी मोडली. राजेश करी रोडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टची देखभाल करू लागला. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं गेलं. तिथे मी नऊ वर्षं होतो. तारा गंजल्या, बटणं आखडली. माझ्या पोटात झुरळांचं एक कुटुंब भाडं न देता राहिलं. खोटं का बोलू, त्या काळात मी राजेशवर फार रुसलो होतो.

मला खाली काढलं ते राजेशच्या मुलीने, अनुजाने. कॉलेजात जाणारी मुलगी. चादर सोडली तशी ती शिंकत शिंकत म्हणाली, "पप्पा, हा चालू होईल का ओ?" राजेशने माझ्याकडे बघितलं. मग चप्पल घातली आणि नव्या तारा आणायला गेला. माझा रुसवा तिथेच संपला.

शेजारच्या अठरा नंबरमध्ये अंबिका राहायची. ती अनुजाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिचा गळा गोड. राजेशने अनुजाला माझ्यावर बोटं चालवायला शिकवली आणि अंबिका दारात बसून गायची. दोघींनी स्वतःची गाणी बांधली. जोडीचं नाव काय ठेवायचं यावर दोन आठवडे भांडण झालं. शेवटी खोल्यांचे नंबर घेऊन 'सतरा-अठरा' ठरलं.

आणि नाव ठरून वर्ष होतं न होतं तोच अंबिका नर्स म्हणून आयर्लंडला गेली.

आता संपलं, परत माळा, असं मी मनाशी धरून बसलो. पण या पोरी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. दर रविवारी आमच्याकडे दुपारचा एक वाजला, की अंबिकाकडे सकाळचे, ऋतूप्रमाणे, साडेसात किंवा साडेआठ वाजत. फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि सराव सुरू. गाणं बसलं, की अनुजा माझं वाजणं वेगळं रेकॉर्ड करून पाठवी. अंबिका तिकडे कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मधोमध उभी राहून त्यावर गाई. अनुजा मग दोन्ही जुळवी. रेकॉर्डिंगच्या वेळी अनुजा गॅलरीत जाऊन ओरडायची, "दहा मिनटं कुकर लावू नका हां कोणी!" रविवारी दुपारी मटणाचा कुकर थांबवायला सांगणं म्हणजे केवढा अपराध! तरी चाळीने ते सोसलं. एका गाण्यात एक शिट्टी राहून गेली आहे, आणि ऐकणाऱ्यांना नेमकी तीच जागा आवडते.

चार वर्षांत अकरा गाणी झाली. ती फोनाफोनांतून फिरली. मग परळच्या एका छोट्या सभागृहात गाण्यांच्या संध्याकाळी भरवणाऱ्या सौमित्रने विचारलं, "समोर बसून वाजवाल का? लोकांना तुम्हाला बघायचंय." अंबिकाने नऊ दिवसांची रजा काढली आणि ती आली.

मित्रांनो, त्या दिवशी खोलीत काय गोंधळ होता! मिठ्या, रडणं, चॉकलेटं, बोंबील. सगळं उरकल्यावर दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि त्यांनी त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं धरलं, 'गॅलरीतलं ऊन'. संथ गाणं. सावकाश सरकणाऱ्या उन्हासारखं ते जातं.

पण त्या दिवशी ते पळायलाच लागलं. पहिलं कडवं झपझप, दुसरं धावत, आणि तिसऱ्याला तर खाली नाक्यावर मिरवणूक आली की काय असं वाटावं! साडेचार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत आटोपलं. दोघी धापा टाकत एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू घाई का करतेस गं?" अंबिकाने विचारलं.

"मी? तूच आधी उचलतेस!"

पुन्हा धरलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला मात्र दुखणं कळलं होतं, कारण चार वर्षं ते माझ्याच अंगावर घडत होतं. फोनवरून आवाज समुद्रापलीकडे पोचायला अर्धा श्वास उशीर होतो. आपलं तिला वेळेवर मिळावं म्हणून अनुजा प्रत्येक सूर जरासा आधी वाजवू लागली होती. आणि आपला आवाज अनुजाला उशिरा पोचू नये म्हणून अंबिका प्रत्येक ओळ जराशी आधी उचलू लागली होती. दोघींनी हे एकमेकींना कधी सांगितलंच नव्हतं. आता दोघी समोरासमोर होत्या, मध्ये समुद्र नव्हता, तरी दोघी एकमेकींची सोय बघत होत्या आणि गाण्याची फरफट होत होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अंबिकाने हात टेकले. "अनुजा, ऐक. आपण रेकॉर्डिंग लावू. मी ओठ हलवीन, तू बोटं हलव. कोणाला काय कळतंय?"

मला वाटलं, आता अनुजा नाही म्हणेल. पण ती खाली बघत म्हणाली, "चालेल. आणि मग लाइव्ह बंदच करू. आपण फोनवरच बऱ्या."

माझ्या तारांना कापरं भरलं! म्हणजे मला दिवाणखान्यातल्या शोभेच्या हरणासारखं मंचावर मांडणार, वायर न जोडता? गंजून मेलो असतो तरी एवढी लाज वाटली नसती. आणि माझं जाऊ द्या. चार वर्षं ज्या भेटीची या दोघींनी वाट बघितली, तिच्यात त्या एकमेकींना सोडून रेकॉर्डिंगवर विसंबणार होत्या. मला फार वाईट वाटलं.

राजेश कामावरून नुकताच आला होता. डबा मोरीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "ओठ हलवायला आयर्लंडवरून यायची काय गरज होती, अंबिका?"

"काका, मग काय करू? जमतच नाय ओ."

राजेश हात पुसत खाली बसला. त्याने माझी वायर काढली आणि स्पीकर बंद केला. "आता वाजव," तो अनुजाला म्हणाला. स्पीकरशिवाय माझा आवाज तो केवढासा! अंबिकाला ऐकू येईना. ती सरकून जवळ आली, आणखी जवळ आली आणि शेवटी तिने आपला तळहात माझ्या लाकडावर ठेवला.

मी तिच्या तळहातात वाजलो. तार हलली त्याच क्षणी तिला कळलं, ना आधी, ना नंतर. ती थबकली. गायची विसरलीच.

"अनुजा," ती हळूच म्हणाली, "तू इथेच आहेस गं."

"मग कुठे असणार?"

"नाय गं. मी अजून फोनवरच्या तुझ्याबरोबरच गात होते."

मग काय बांध फुटला म्हणता! 'मी तुझ्यासाठी आधी वाजवायचे', 'अगं, मी पण तुझ्यासाठीच आधी उचलायचे', असं करत दोघी आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. राजेश चहा टाकायला उठला, कारण त्याच्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. आमची अर्धी चाळ तिथेच होती. अंबिकासाठी मंचाच्या मधोमध उभा माइक होता, पण ती सरळ येऊन माझ्याशेजारी मांडी घालून बसली आणि तिने तळहात माझ्यावर ठेवला. सौमित्रने कपाळाला हात लावला आणि धावत येऊन माइक खाली केला.

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी मात्र सवयीने दगा दिला. अंबिकाने ओळ आधीच उचलली. आता अनुजा धावणार, ही तिच्यापुढे धावणार, आणि सगळं मुसळ केरात!

अनुजा धावली नाही. तिने बोटं उचलून धरली आणि मैत्रिणीकडे बघत थांबली. अंबिका अर्ध्या शब्दावर थांबली, तिच्या तोंडावर हसू आलं, तिने पुरता श्वास घेतला आणि ओळ पुन्हा, सावकाश उचलली. त्याच क्षणी अनुजाची बोटं माझ्यावर उतरली. मिरवणुकीत हजारो माणसं माझ्या सुरांवर नाचली आहेत, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गाणं बरोबर साडेचार मिनिटांनी संपलं. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी मोजलं नाही. पहिल्या रांगेतला राजेश टाळ्या वाजवायचा विसरून नुसता बसून राहिला होता.

अंबिका परत गेली. पुढच्या रविवारी एक वाजता फोन डब्याला टेकला. "ए, आता परत आधी वाजव हां," ती तिकडून म्हणाली, "इथे उशिरा पोचतं." अनुजा हसली आणि आधी वाजवू लागली.

मित्रांनो, मी लाकडाचा तुकडा, मला उपदेश करता येत नाही. पण चार वर्षं दोघींच्या मध्ये बसून एक शिकलो. लांबच्या माणसासाठी थोडं आधी निघावं लागतं आणि जवळच्या माणसासाठी थोडं थांबावं लागतं. तुमच्या घरी कुणी वाजवत असेल, गात असेल, नुसतं काही सांगत असेल, तर नुसते लांबून ऐकू नका. सरकून जवळ बसा, हात ठेवा आणि समोरच्याचा श्वास पुरा होऊ द्या.